उजवा पाय थंड पडत गेला

महिन्यातून एखाद-दुसरा तरी फोन येतोच. "भाऊ, आमच्या मामाचं बोट काळं पडलं, तुमी कोन्त्या दवाखान्यात दाखवलं होतं?" मी आधी विचारतो, मामा सिगारेट पितात का? पलीकडून उत्तर येतं, "पितात ब्वा, पन जास्त नाई." हे 'जास्त नाई' ऐकलं की माझं डोकं सणकतं, कारण मीही सगळ्यांना हेच सांगत होतो. दर फोनवर तेच दळण दळून मी कंटाळलो, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो आहे. आता फोन करणाऱ्यानं आधी हे वाचावं.

माझं नाव सुधाकर. रिसोड तालुक्यातल्या रिठदला आमचा भाजीपाल्याचा मळा आहे. मेथी, पालक, वांगी, सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर, आमच्याकडे तिला कुणी कोथिंबीर म्हणत नाही. माल वाशिमच्या बाजारात जातो. घरात बायको रेखा आणि माय. धाकटा भाऊ विलास शेजारच्याच खोल्यांत राहतो, मळा आम्ही दोघं भाऊ मिळून करतो. मला दारू नाही, पत्ते नाहीत. सिगारेट तेवढी होती. बाजारात माल लावून झाला की चहाबरोबर एक, असं सुरू झालं होतं. पुढं ती चहा नसतानाही लागायला लागली, आणि किती होतात हे मी मोजणं सोडून दिलं.

बांधावरचे थांबे

पहिल्यांदा पोटरी धरायला लागली. रस्त्यावरून मळ्यात जायला बांधाबांधानं चालावं लागतं. अर्ध्यावर गेलो की उजव्या पोटरीत असा गोळा यायचा की पाऊल उचलवत नसे. उभा राहिलो की थोड्या वेळात तो उतरायचा. चाललो की परत यायचा. आता चाळिशीच्या धडधाकट माणसानं बांधावर उगाच खांबासारखं उभं राहणं बरं दिसतं का? म्हणून थांबलो की मी सिगारेट पेटवायचो. सिगारेट ओढत उभा असलेला माणूस कुणाला दुखणेकरी वाटत नाही. ती संपेपर्यंत गोळा उतरलेला असायचा आणि मला वाटायचं, सिगारेटनंच आराम पडला. त्या वर्षी बांधावर माझे थांबे वाढत गेले आणि सिगारेटीही तेवढ्याच वाढत गेल्या.

हिवाळा लागला तसा उजवा पाय गार राहू लागला. ओलीत करताना, म्हणजे मळ्याला पाणी देताना, गार पाण्यात पाय सगळ्यांचेच गार पडतात. पण माझा डावा घरी आल्यावर ऊब धरायचा, उजवा गोधडीतही तसाच राहायचा. रेखा हसून म्हणायची, "तो तुमचा बर्फ तिकडं करा नं, माह्या आंगाले नोका लावू." आम्ही दोघंही हसायचो.

बिब्बा

वांग्याच्या वाफ्यात काम करताना एक दिवस अंगठ्याजवळच्या बोटाखाली काटा मोडला. काटा निघाला, पण जागा ठणकत राहिली. मायनं बिब्बा काढला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बिब्बा हे काळं, कडक फळ असतं. ते सुईला टोचून दिव्यावर धरलं की त्यातून तेल सुटतं, आणि ते उकळतं तेल दुखऱ्या जागेवर टेकवतात. चटका असा बसतो की मोठमोठे गडी कोकलतात. काटा, भेग, मुरगळ, सगळ्याला आमच्याकडे हाच इलाज. बिब्बा लावण्यात आमच्या मायचा हात धरणारं गावात कुणी नाही, लोक लांबून तिच्याकडे येतात.

अंगणात मी पाय लांब करून बसलो. विलास होता, शेजारचे दोघं-तिघं होते. मायनं तेल टेकवलं. मी तिच्याकडे बघत बसलो.

"झोंबलं नाई का रे बाबू?"

"नाई."

"बराबर लागला नसन." तिनं परत टेकवलं, जरा दाबून. चर्र आवाज आला, कातडी जळल्याचा वास आला. मी हूं की चूं केलं नाही.

"दादा म्हंजे वाघ हाय ब्वा!" विलास म्हणाला. शेजाऱ्यांनी माना डोलावल्या. एकानं तर आपल्या पोराला हाक मारून सांगितलं, पाह्य, याले म्हनतात मर्द. मी फुगलो. तिथंच खाटेवर बसून ऐटीत सिगारेट पेटवली. ज्या पायाला उकळतं तेल कळत नाही त्या पायात काहीतरी भयंकर बिघडलेलं असणार, हे त्या अंगणात बसलेल्या एकालाही सुचलं नाही. माझंही डोकं तेव्हा कुठं चरायला गेलं होतं कोण जाणे.

चटक्याचा फोड फुटला आणि ती जखम भरलीच नाही. कडा काळ्या पडत गेल्या. मग बोटाचं टोक काळं झालं. वाशिमच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, शुगर. रक्त तपासलं. शुगर नाही! स्टँडवर येऊन विलासनं आनंदानं जिलेबी घेतली आणि मी सिगारेट घेतली. मलमपट्टी चालू राहिली आणि बोट काळं होत राहिलं, मग त्याच्या शेजारचंही.

दुखणं मात्र आता वेगळं झालं होतं. आडवं झालं की पायात निखारे भरल्यासारखी आग व्हायची. पाय खाटेवरून खाली लोंबता ठेवला की जरा बरं वाटायचं. त्यामुळे माझं झोपणं संपलं. खाटेच्या काठावर बसायचं, पाय खाली सोडायचा, भिंतीला डोकं टेकायचं. तो लोंबता पाय दिवसेंदिवस सुजत गेला आणि जांभळा दिसायला लागला.

अकोला

शेवटी अकोल्याला गेलो. रेखा सोबत होती. डॉक्टर मॅडम वयानं माझ्यापेक्षा लहान असाव्यात. त्यांनी जखमेकडे आधी बघितलंच नाही. घोट्याजवळ दोन बोटं ठेवली. सरकवली. परत ठेवली. डोळे मिटून काहीतरी शोधत राहिल्या.

"काय पाह्यता मॅडम?"

"नाडी."

"ते तं हाताची असते नं?"

"पायालाही असते," त्या म्हणाल्या. "असायला पाहिजे."

मग जेली लावून एक लहान यंत्र डाव्या पायावर ठेवलं. मोटार चालू केल्यावर पाइपातून पाणी झटक्यांनी यावं तसा आवाज आला, सूंऽ, सूंऽ, सूंऽ. तेच यंत्र उजव्या पायावर ठेवलं. नुसती खरखर. त्यांनी जागा बदलली, परत खरखर. खोलीत आम्ही तिघंही ती खरखर ऐकत होतो. रेखानं पदर तोंडाला लावला.

"शेवटची सिगारेट कधी ओढली?"

खोटं बोलून उपयोग नव्हता, वास येत असणार. "गेटवर."

"कोणत्या?"

"तुमच्याच."

त्यांनी सांगितलं ते असं. या आजाराला डॉक्टरांचं इंग्रजी नाव आहे, पण त्याचं खाणं तंबाखू आहे. हातापायाच्या रक्ताच्या नळ्या सुजतात, आवळतात, आतून बंद होत जातात. "लोकांना वाटतं सिगारेट फुप्फुसात जाऊन तिथंच थांबते," त्या म्हणाल्या. "ती रक्तात उतरते, आणि रक्त जिथं जातं तिथं जाते. कुणाच्या हृदयावर जाते, कुणाच्या मेंदूवर. तुमच्या पायावर गेली. बांधावर तुम्हाला गोळा यायचा ना, तेव्हा पाय रक्त मागत होता. आणि तुम्ही त्याला धूर देत होता."

बिब्ब्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. जिथं रक्त पोचत नाही तिथं जळलेलं भरून येत नाही, आणि यापुढं पायाला शेक नाही, गरम पाणी नाही, बिब्बा तर नाहीच.

"गोळ्या द्या मंग चांगल्या भारी," मी म्हणालो.

"देईन. पण सिगारेट चालू राहिली तर कोणत्याच गोळीचा उपयोग नाही. ही बोटं जातील. मग पाऊल. मग गुडघ्याखालून."

"कमी करतो."

"कमी नाही. एकही नाही. दुसऱ्यानं ओढलेलीसुद्धा नाकात जायला नको."

रेखानं विचारलं, "पाय वाचन का मॅडम?"

"ते मी नाही सांगू शकत," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे बोट केलं. "हे सांगतील."

मला त्यांचा असा राग आला! पाय माझा, दुखणं माझं, एवढा जिल्हा ओलांडून यांच्या दारी आलो, आणि इलाज विचारला तर माझ्याकडेच बोट. डॉक्टर मी आहे का? त्या रागात मला एकच गोष्ट हवी होती आणि नेमकी तीच आता बंद झाली होती. आपण पुरते अडकलो, हे मला त्या खुर्चीवर बसल्या बसल्या कळलं.

वॉर्ड

काळी पडलेली दोन बोटं काढली. त्याबद्दल मी फार लिहीत नाही. पट्टी सोडली की तिथं जे दिसायचं नाही, त्याकडे मी बरेच दिवस बघत नव्हतो.

वॉर्डातला दिवस ठरलेला. झाडलोट, चहा, नर्सबाई ताप बघायच्या, मग मॅडमचा राउंड. त्या पायावर वरून खाली हाताची पाठ फिरवायच्या आणि जिथं ऊब संपून गार लागायला सुरुवात व्हायची तिथं पेनानं रेघ मारायच्या. रोज. मी बाकी कशाची नाही पण त्या रेघेची वाट बघायचो. खाली सरकली, म्हणजे ऊब पुढं पोचली, की दोन घास पोटात जायचे. दिवसभर काम काही नाही, चालायचं नाही, पाय लोंबवून बसायचं आणि सिगारेटीचा विचार करायचा. आजूबाजूला माणसं कण्हत होती आणि माझ्या डोक्यात फक्त तेच. तोंडाला कोरड, हाताला कापरं, कुणी जोरात बोललं तरी त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटायची. रेखा डबा उघडायची आणि मी भाजीत मीठ नाही म्हणून ओरडायचो. मीठ बरोबर असायचं.

विलासला माझी दया आली. भेटायला आला तेव्हा उशीखाली हळूच पन्नी सरकवली. खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून पन्नीत बांधलेला, विदर्भात पोरंसोरं खातात तो. "सिगारेट नाई सांगतली नं मॅडमनं," तो म्हणाला. "खर्र्याले कोठी धूर हाय?" मलाही ते अगदी पटलं. आम्ही दोघं भाऊ इतके शहाणे. दुसऱ्या दिवशी राउंडला मॅडमनी विचारलं, जमतंय का, तर मी छाती काढून सांगितलं, सिगारेट बंद आहे, नुसत्या खर्र्यावर भागवतो. वॉर्डातल्या नर्सबाई तोंड फिरवून हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. "तंबाखू तंबाखूच आहे," एवढंच म्हणून त्यांनी उशीखालची पन्नी स्वतः काढून कचऱ्यात टाकली. मी भिंतीकडे तोंड करून बसलो.

शेजारच्या खाटेवर रशीदभाई होते. जऊळक्याचे, शिलाईचं दुकान. त्यांचा डावा पाय गुडघ्याखालून गेलेला होता, याच आजारानं. आता उजव्याच्या अंगठ्याला जखम झाली म्हणून परत आले होते. माणूस असा मजाकी की वॉर्डातले दुखणेकरी दुखणं विसरायचे. मी विचारलं, भाई, आता दुसऱ्यालाही? तर म्हणाले, "पैला पाय एकटाच गेला नं बिचारा. म्हनून दुसरा त्याच्या सोबतीले जाऊन राह्यला."

ते कुबड्या घेऊन दिवसातून दोनदा मागच्या जिन्याकडे जायचे. कशाला जायचे हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. काही दिवस मी दात आवळून बसलो. मग एका दुपारी रेखा औषधं आणायला खाली गेली आणि मी वॉकर घेऊन त्यांच्या मागं गेलो. त्यांनी न विचारता पाकीट पुढं केलं.

पहिला झुरका आत गेला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला सांगू, सुखाचं पाणी होतं. आम्ही दोघं जिन्याच्या पायरीवर बसलो होतो. एकाला एक पाय, दुसऱ्याच्या पायाला तीन बोटं. रशीदभाई बराच वेळ माझ्याकडे बघत होते.

"एक गोठ विचारू का भाऊ? तू माह्याकडं पाहून घाबरत काहून नाई?"

मी पायरीवर राख झटकली.

"मले पाहून दुनिया घाबरते. दुकानात पोट्टे येतात, तेयले मी पाय दाखवतो. पाहा बेटा, सिगरेट नोका पेऊ. अन तू माह्याच बाजूले बसून पेऊन राह्यला." ते हसत नव्हते. "मी कसम खाऊन पाह्यली. दर्ग्यात धागा बांधून पाह्यला. बीवीनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवाले लावला. नाई सुटत. मशिनीवर बसलो की हात आपोआप खिशात जाते. मले वाटे, तुहं तं आताच सुरू झालं, तू तरी पळशीन."

मी घाबरलो. खरंच घाबरलो. आणि तरी हातातली सिगारेट शेवटपर्यंत ओढली. लोक विचारतात, एवढं कळत होतं तर सोडली का नाही? त्यांना मी हा जिना सांगतो.

त्यानंतर मी रोज गेलो. काही दिवसांतच पेनाची रेघ वर सरकली, पावलाच्या मधोमध आली. मॅडम खाटेच्या काठावर बसल्या. ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी रेखाला बाहेर बोलावलं आणि दोघी बराच वेळ बोलत होत्या. रेखा परत आली ती पिशव्या भरायला लागली. जखम सध्या ठीक होती, घरी जायचं, महिन्यानं दाखवायचं. तोवर रेघ घोट्याच्या वर गेली तर गुडघ्याखालून काढावा लागेल. रिठदपर्यंतच्या रस्त्यात रेखा माझ्याशी एक अक्षर बोलली नाही.

घरची कैद

घरी माझी खाट पुढच्या खोलीत टाकली होती. आणि पहारा बसला होता. विलासनं फाट्यावरच्या सगळ्या पानठेल्यांना सांगून ठेवलं, दादाला सिगारेट द्यायची नाही. शेजारी येता-जाता खिडकीतून नाक आत घालायचे. माय तर जवळ येऊन माझं तोंड हुंगायची, लहानपणी माती खाल्ली का बघायची तशी. तिला वाटत होतं सगळं तिच्या बिब्ब्यानं झालं. किती सांगितलं, माय, बिब्ब्यानं नाही, तरी ती एकच धरून बसायची, "माह्याच हातानं जाळला रे तुहा पाय." मला तिची कीवही यायची आणि संतापही. एकदा मी ताट भिरकावलं. वरण मायच्या लुगड्यावर उडालं. ती पुसत बसली. त्या चार भिंतींत मला ना झोपता येत होतं, ना चालता येत होतं, ना धड ओरडता येत होतं.

एक रेखा तेवढी पहारा देत नव्हती. मळ्यात जायची, माल पाठवायची, यायची, पट्टी बदलायची. माझ्या खिशांना तिनं कधी हात लावला नाही. मी मनात म्हणायचो, चला, एका माणसाचा तरी आपल्यावर भरवसा आहे.

सुरुवातीला सगळं खाटेवरच होत होतं. मग एक दिवस मी हट्ट धरला की संडासला मी चालत जाणार. आमचा संडास परसात आहे. वॉकर टेकत मागच्या दारापर्यंत गेलो आणि थबकलो. दाराचा उंबरा फोडून सपाट केलेला होता. दारापासून थेट संडासापर्यंत कमरेच्या उंचीचा लोखंडी पाइप, दोन्ही बाजूंनी, सिमेंटात पक्का बसवलेला. विहिरीवरच्या जुन्या मोटारीचे पाइप होते, मी ओळखले. मागून येणारी ठोकठोक मी इतके दिवस शेजाऱ्यांकडची समजत होतो. आत बसायच्या भांड्याच्या जागी उंच कमोड, आणि भिंतीला धरायला आडवा दांडा.

मला आधी बरंच वाटलं. किती केलं बिचारीनं, दोन बोटं गेली म्हणून! मी विलासला म्हणालो, वहिनीनं भलताच खर्च केला रे, एवढ्याची काय गरज होती? आणि विलास, ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, तो म्हणाला, "मोजमाप घेऊनच केलं नं दादा. वहिनीनं मॅडमले विचारलं, एका पायाच्या मानसाले पाइप किती उंच लागते."

मी रेखाला हाक मारली. सगळ्या आळीला ऐकू गेली असेल.

"एका पायाचा मानूस कोन हाय या घरात?"

ती मळ्यातून आली होती, पायाला चिखल होता. तिनं विलासकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आज नाई. पन होईन."

"मी जित्ता हाय, पाय जाग्यावर हाय, अन तू मोकळी झाली?"

"दवाखान्यात मॅडमनं मले बाहेर बलावलं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "म्हनल्या, तुमचे मालक सोडतीन का सिगारेट? खरं सांगा, त्याच्या हिशेबानं मी ठरवीन. मी म्हनलं, नाई सोडनार. मंग म्हनलं, पाय जाईनच तं घर तयार पाह्यजे. तुमाले उचलून नेनं मले जमनार नाई. सासूबाईच्यानं होत नाई. मळा कोन पाहीन?"

"तुले माह्यावर एवढा बी भरवसा नाई?"

"तुमी जिन्यावर गेले तवा मी खाली नव्हती. औषधीची चिठ्ठी इसरली म्हनून परत आली होती. तुमाले जातानी पाह्यलं." तिनं पायाचा चिखल पायरीला पुसला. "तुमाले राग आला तं येऊ द्या. मले आता रडू बी येत नाई."

माय दारात उभी होती. विलास खाली बघत होता. मी पाइपाला दोन्ही हातांनी धरून हिसडा दिला. तो हलला नाही. परत दिला. चांगलं पक्कं काम केलं होतं. वॉकर फेकून मी त्याच दोन पाइपांच्या मधून, हात छातीशी आवळून, लंगडत संडासापर्यंत गेलो आणि दार लावून घेतलं. आत बसून मी मोठ्यानं रडलो. बाहेर सगळ्यांना ऐकू येत होतं आणि मला त्याची लाज वाटली नाही.

त्यानंतर

लोकांना वाटतं मी जिद्दीनं सोडली. जिद्द कसली? अपमान होता. त्या पाइपाला हात लावायचा नाही, एवढंच मी रोज सकाळी ठरवायचो. दिवस जायचे नाहीत. घाम फुटायचा, पोट बिघडायचं, वांग्याच्या देठाला आग लावून ओढावी इतकं वाटायचं. मॅडमना फोन लावून मी त्यांनाच शिव्या घातल्या. त्यांनी ऐकून घेतल्या आणि गोळी बदलून दिली. हे ज्यांचं माणूस सोडतंय त्यांना सांगतो, तो तुम्हाला वाट्टेल ते बोलेल. दाराची कडी लावा, पण घर सोडून जाऊ नका. आणि डॉक्टरला विचारा, सोडायला मदत करणारं औषध असतं, मला ते आधी माहीतच नव्हतं.

महिन्यानं रेघ वर गेलेली नव्हती. पुढच्या वेळी बोटभर खाली आली. जखम भरायला उन्हाळा लागला. आता मी मळ्यात जातो, हळू, पायात मोजे आणि मऊ बूट घालून. गोळा येतो तेव्हा उभा राहतो, हात रिकामे ठेवून. बाजारात मात्र जात नाही. तिथं चहाच्या टपरीवर जुनी मंडळी धूर सोडत बसलेली असतात आणि एवढा धूरही मला चालत नाही. ज्या बाजारानं मला ओळख दिली तो आता विलासचा झाला. हे मला फार लागतं, कुणाला सांगत नाही.

रशीदभाईंचा फोन आला होता. दुसरा पायही गेला. म्हणाले, आता नवे बूट घ्यायची कटकट संपली. मी हसलो नाही. मग म्हणाले, "तुहा हाय का?" मी म्हणालो, हाय. "संभाल त्याले," म्हणाले आणि फोन ठेवला.

तर मामाचं बोट काळं पडलं असेल तर बिब्बा लावू नका, शेकू नका, नुसती शुगर तपासून जिलेबी खाऊ नका. पायाची नाडी बघणाऱ्या डॉक्टरकडे न्या. आणि सिगारेटऐवजी खर्रा देऊन मामावर दया करू नका.

राहिला पाइप. माय आता त्याला धरूनच परसात जाते, रेखा त्यावर कपडे वाळत घालते. या दिवाळीनंतर एका संध्याकाळी मी छन्नी-हातोडा घेऊन तिथं गेलो. रेखा ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत बसली होती.

"काढू का आता हे?" मी विचारलं. "मायले एका बाजूचा पुरे."

ती उठून आली. खाली बसली, माझा मोजा उतरवला आणि पावलावर हाताची पाठ फिरवली, वरून खाली, सावकाश. मग मोजा परत चढवला.

"एवढा हिवाळा जाऊ द्या," ती म्हणाली.

मागच्या हिवाळ्यातही ती हेच म्हणाली होती. मला राग यायला हवा होता. पण त्याच सकाळी मी फाट्यावरच्या पानठेल्यापुढं सुटे पैसे मुठीत धरून उभा होतो, ठेलेवाल्यानं मान हलवून नाही म्हणेपर्यंत. हे तिला माहीत नव्हतं. की होतं, कुणास ठाऊक. मी छन्नी-हातोडा विलासकडे परत देऊन आलो.